तुम्ही खानापूरच्या? म्हणजे तेलगीच्या गावच्या!

मलप्रभाकाठी (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात पुण्याहून येताना रात्रीच्या गाडीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठल्या तुम्ही?" खानापूर म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, चला, माहेरचं कुणीतरी भेटलं. "अय्या, म्हणजे तेलगीच्या गावच्या!" तिथून कराड येईपर्यंत बाईंनी मला मुद्रांक घोटाळा समजावून सांगितला. नाशिकच्या छापखान्यातली यंत्रं, डान्स बारमधली उधळण, सगळं. मी आपली हूं हूं करत शेंगा सोलत बसले.

२०२३ च्या सप्टेंबरात तेलगीवरची मालिका 'स्कॅम २००३' आली. तोवर बाहेरची माणसं विचारायची, "खानापूर म्हणजे ते सांगलीकडचं, विट्याजवळचं?" मग "नव्हे, बेळगावचं, लोंढ्याच्या अलीकडचं" असं सांगावं लागायचं. आता लागत नाही. एका अर्थी सोयच झाली.

आता घरची गोष्ट. आई ६८ वर्षांची. रात्री भांडी आवरली की पदराला हात पुसत म्हणते, "आजचा खून लाव गं." दिल्लीतल्या बुराडीच्या एकाच घरात मेलेल्या ११ जणांची नाती तिला पाठ आहेत. आमच्या भाऊबंदांत कोण कुणाचा चुलता लागतो, ते मात्र मला विचारते.

मला खुपतंय ते वेगळंच. तेलगी लहानपणी खानापूर स्टेशनात, गाड्यांत फळं-भाजी विकायचा हे सगळ्यांनी वाचलेलं आहे. माझे बाबा त्याच गाड्यांनी बेळगावला कामाला जायचे. त्यांना विचारलं, बघितल्याचं आठवतंय का? म्हणाले, "विकणारी पोरं पंचवीस असायची. एक पुढं टीसी झाला. एकानं हॉटेल काढलं. तोंडावर थोडंच लिहिलेलं असतं?" पडद्यावरची गोष्ट शेवट ठाऊक असलेली असते. त्यामुळं टोपलीतला पेरूसुद्धा संशयित दिसतो.

त्याला ३० वर्षांची सक्तमजुरी झाली, २०१७ च्या ऑक्टोबरात शिक्षा भोगतानाच बेंगळुरूत गेला. ३१ डिसेंबर २०१८ ला नाशिकच्या न्यायालयानं त्यातल्या एका खटल्यात त्याच्यासह सगळ्यांना निर्दोष सोडलं. म्हणजे माणूस जाऊन वर्ष उलटल्यावर. बाकीच्या शिक्षा होत्याच, तो काही संत नव्हे. खरं गाडीतल्या बाईंना एवढं सांगितलं, तर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ते असू दे हो, पण ते नोटा उधळल्या ते खरंच का?"

मालिका येण्याआधी त्याची मुलगी ती थांबवायला मुंबईत कोर्टात गेली होती. थांबली नाही. मीही तीन रात्रींत सगळे भाग संपवले, तेव्हा साळसूदपणा करत नाही. फक्त विचारायचंय: आपल्याच गावचं असलं की बघताना तुम्हाला काही वेगळं वाटतं का?

बारक्या

मी पयला. रुमाल टाकून ठेवतो, जेवून येतो.

शहापूरची_साडी

अक्का, आमच्याकडं उलटं आहे. माझी मुलगी कॉलेजला जाते, सहाची बस चुकली की साडेसातला घरी. मी हे बघते ते गंमत म्हणून नव्हे. कुठं चुकलं, कुणावर विश्वास ठेवला, कुठल्या दिवशी कुणाला सांगायला पाहिजे होतं, एवढंच डोक्यात टिपून घेते. केरळच्या त्या कूडत्तायीच्या माहितीपटानं तर झोप उडवली. एकाच घरातली सहा माणसं १४ वर्षांत विषानं गेली आणि सगळ्यांना वाटलं, आपल्या मरणानं गेली. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं चहाचा कप माझ्याकडं सरकवला, "आधी तू पी." तेवढं हसून झालं.

निपाणीकर

वहिनी, ही भीती ओटीटीनं आणलेली नाही. मी सात-आठ वर्षांचा होतो. १९९६ ची थंडी. कोल्हापुरात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोघी मुलींना पकडलं आणि आमच्या गल्लीतली पोरं दिवेलागणीला घरात कोंडली गेली. लहान पोरं पळवायच्या, चोरीला वापरायच्या, आणि मग मारून टाकायच्या. निपाणीहून कोल्हापूर किती लांब ते तुम्हाला माहीत आहे. आजी अंबाबाईला नेताना माझं मनगट असं धरायची की वळ उठायचे. देवळाच्या रांगेत कुठल्याही बाईनं "बाळ, नाव काय तुझं?" म्हटलं की आजी तिच्यावर गुरकावायची.

टीव्हीवर तेव्हा काही नव्हतं. सगळं स्टँडवरच्या पेपरांत. 'पोलीस टाइम्स'चा अंक एकजण विकत घ्यायचा आणि गाडी संकेश्वरला पोचेपर्यंत सात जण वाचायचे. गंमत म्हणजे त्या मायलेकींच्या चेहऱ्यांचे फोटो मला आजही जसेच्या तसे आठवतात, आणि मेलेल्या एकाही पोराचं नाव आठवत नाही. २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं दोघी बहिणींची फाशी रद्द करून जन्मठेप केली. दयेच्या अर्जावर सरकारनं वर्षानुवर्षं घोळ घातला म्हणून. बातमी वाचली तेव्हा आजी नव्हती. बरंच झालं, तिला समजावून सांगणं मला जमलं नसतं.

घटप्रभा_पॅसेंजर

कन्नड नट दर्शनच्या खून प्रकरणाला विसरलात होय? जून २०२४. कन्नड चॅनलांवर सकाळी उठल्यापासून तेच. आमच्या सासूबाई ४० वर्षं बेळगावात राहून कन्नड शिकल्या नव्हत्या. या केसनं शिकवलं. "आरोपी दोन्हीकडं आरोपीच की गं, सोपंय," म्हणाल्या. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं त्याचा जामीन रद्द केला, ते त्यांनीच मला स्वयंपाकघरात येऊन कन्नडमध्ये सांगितलं.

कोर्टातला_कावळा

रुमाल न टाकता थेट बसतो. २२ वर्षं झाली बेळगावच्या चन्नम्मा चौकापाशी काळा कोट घालून हिंडतोय, त्यामुळं जरा लांबण लागेल.

तुम्ही जे बघता त्यात खटला कुठं असतो? तपास असतो, अटक असते, मग पाटी येते: 'अमुक साली शिक्षा झाली'. आमचं सगळं आयुष्य त्या पाटीत मावलेलं असतं. खुनाचा खटला प्रत्यक्ष बघायला बसलात तर पहिल्या तासात जांभई येईल. समन्स लागलेलं नाही, तारीख. मुद्देमाल आलेला नाही, तारीख. मुद्देमाल आला तर लाखेचं सील पंचाला दाखवायचं, सही तुमचीच का विचारायचं. पंच म्हणतो, सही माझीच, खरं पोलिसांनी कोऱ्या कागदावर घेतली. झाला फितूर. रक्ताचे डाग, बोटांचे ठसे हे सगळं नंतर.

आणि आपल्या भागातली खास गोष्ट पडद्यावर येणं अशक्य आहे. साक्षीदार मराठीत बोलतो, नोंद कन्नडमध्ये होते. एकदा तालुक्याच्या एका खेड्यातला म्हातारा पिंजऱ्यात उभा. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपीला बघितलंत का? म्हातारा म्हणाला, "मी बघितलो खरं ओळखलो नाही." आता हे वाचणाऱ्या बेळगावकराला कळलं: बघितलं, *पण* ओळखलं नाही. त्या दिवशी मदतीला असलेला माणूस पुण्याकडचा. त्यानं त्याचा अर्थ लावला, "मी बघितलं हे खरं." ओळखलं नाही हे वेगळं वाक्य झालं. मी उठून हरकत घेतली तेव्हा साहेब म्हणाले, वकीलसाहेब, खरं म्हणजे सत्यच ना? त्यानंतर दहा मिनिटं आम्ही चौघं माणसं 'खरं' या शब्दावर बोलत होतो आणि आरोपी आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होता. तीच गत 'होता की'ची. आपण 'तो तिथं होता की!' म्हणतो ते ठासून. दक्षिणेकडून बदलून आलेल्या एका साहेबांनी शांतपणे विचारलं होतं, "होता की नव्हता?"

या एका शब्दावर माणूस आत जातो नाहीतर घरी जातो. याला कुठलं पार्श्वसंगीत लावणार?

शहापूरची_साडी

दंडवत! हसूही येतंय आणि भीतीही वाटतेय.

पुराव्यानिशी

वकीलसाहेबांचा प्रतिसाद आवडला. तरी माहितीपटांना सरसकट झोडपू नका. 'द थिन ब्लू लाइन' १९८८ साली आला. टेक्सासमध्ये पोलिसाच्या खुनासाठी रँडल ॲडम्स नावाचा माणूस १२ वर्षं आत होता. दिग्दर्शकानं साक्षीदारांना पुन्हा बोलतं केलं, त्यांच्या गोष्टी कॅमेऱ्यासमोर उलट्यासुलट्या झाल्या, आणि १९८९ मध्ये तो सुटला. म्हणजे कॅमेऱ्यानं उलटतपासणी कोर्टापेक्षा बरी घेतली.

आणि लोकांनी न्यायनिवाडा डोक्यावर घेणं आजचं नाही. १९५९ चा नानावटी खटला आठवा. 'ब्लिट्झ' साप्ताहिकानं खुनाचा आरोप असलेल्या या नौदल अधिकाऱ्याची बाजू घेतली, कोर्टाबाहेर गर्दी, आणि ज्युरीनं ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयानं ते फिरवून जन्मठेप दिली. म्हणूनच तो भारतातला शेवटचा ज्युरी खटला ठरला.

कोर्टातला_कावळा

दुरुस्ती. शेवटचा नव्हे. नानावटीमुळं ज्युरीची अब्रू गेली हे खरं (सत्य या अर्थी!), पण देशात काही ठिकाणी ज्युरी १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता येईपर्यंत चालू होती. शेवटचा खटला म्हणून हे इतक्यांदा छापून आलंय की आता पुसलं जाणार नाही. बघा, 'सत्यकथा' अशा तयार होतात.

ॲडम्सचं मान्य. पण त्याची शिक्षा आधीच झालेली होती. खटला *चालू* असताना माहितीपट येतो तेव्हा मला धडकी भरते. शहापूरच्या वहिनींनी सांगितलेला तो केरळचा माहितीपट डिसेंबर २०२३ मध्ये आला, तेव्हा खटला संपलेला नव्हता. मुलीच्या खुनाचा आरोप असलेल्या इंद्राणी मुखर्जीवरच्या माहितीपटाला सीबीआयनं मुंबई उच्च न्यायालयात विरोध केला. न्यायमूर्तींनी तो स्वतः बघितला, आक्षेपार्ह काही सापडलं नाही, २९ फेब्रुवारी २०२४ ला तो लागला. साक्षीदार अजून शिल्लक होते. आता त्यातला एखादा साक्षीदार रात्री माहितीपट बघून सकाळी पिंजऱ्यात आला, तर तो काय सांगणार, डोळ्यांनी बघितलेलं की पडद्यावर बघितलेलं? मुद्दाम खोटं बोलेल असं नाही. त्यालाच कळणार नाही.

अक्कांच्या धाग्याशी जोडलेली एक आठवण देतो. तेलगीची नार्को चाचणी बेंगळुरूत झाली होती आणि तिची चित्रफीत पुढं वाहिन्यांवर वाजली. इंजेक्शन दिलेला माणूस अडखळत नावं घेतोय आणि देश चहा पीत ऐकतोय. ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की संमतीशिवाय अशी चाचणीच घेता येणार नाही. निकालाचं नाव 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य'. निकाल आला तेव्हा ती नावं लोकांच्या तोंडी बसून चार वर्षं झाली होती.

बारक्या

जेवून आलो. एवढं सगळं होईपर्यंत मी एक भाकरी जास्त खाल्ली काय?

हिंडलगा_नाका

गावचं असलं की काय वाटतं, असं अक्कांनी विचारलंय. मी सांगतो. माझं घर बेळगावजवळ हिंडलग्याला, जेलपासून चालत दहा मिनिटांवर.

फेब्रुवारी २०१३. चंदनतस्कर वीरप्पनच्या चार साथीदारांचे दयेचे अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळले. १९९३ च्या पालार स्फोटात २२ माणसं मेली होती, त्या केसमधले हे चौघं. ते आमच्या जेलात होते. बातमी फुटली आणि दोन दिवसांत जेलच्या रस्त्यावर छत्र्यावाल्या गाड्यांची रांग. बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली. चहाच्या टपरीवर दूध दुपारीच संपायचं. रोज कुणीतरी सांगायचं, उद्या पहाटे देणार. कुणी म्हणे दोर आला, कुणी म्हणे नवीन माणूस आणला. एका पत्रकारानं माझ्या वडिलांना विचारलं, "फाशी दिली की इथं आवाज येतो का?" वडील रिटायर्ड शिक्षक. ते म्हणाले, "सकाळी कोंबडा आरवतो, तेवढा येतो."

आम्ही पोरं गच्चीवर उभे. खोटं कशाला सांगू, आम्हाला मजा वाटत होती. आपलं गाव टीव्हीवर. मागं आमची पाण्याची टाकी दिसत होती, त्याचाच अभिमान.

मग सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. दुसऱ्या दिवशी रस्ता रिकामा. २१ जानेवारी २०१४ ला उशिराच्या कारणावरून चौघांची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली, तेव्हा नाक्यावर किती गाड्या होत्या माहीत आहे? एकही नाही. टपरीवाल्यानं दूध नेहमीएवढंच आणलं होतं.

२०२३ मध्ये 'द हंट फॉर वीरप्पन' आली, चार भाग. चांगली केलीय, जंगलातल्या लोकांना पोलिसांनी काय भोगायला लावलं तेही दाखवलंय. पण मी बघताना पूर्ण वेळ वाट बघत होतो, आमचा रस्ता येईल म्हणून.

अजून एक. उमेश रेड्डी हा खुनी याच जेलात होता. २००६ पासून १० वर्षं एकांतकोठडीत. कायद्यात बसत नव्हतं म्हणून सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची फाशी रद्द केली. त्यानं केलेल्या गुन्ह्यांवर चार भाग सहज निघतील. त्या १० वर्षांवर काय काढणार? त्याच भिंतीपलीकडून मी शाळेला सायकलवरून जायचो, नंतर कॉलेजला, नंतर नोकरीला.

मलप्रभाकाठी

हिंडलगा_नाका, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. ते कोंबड्याचं आईला वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही.

नाव_नको

नवीन आयडी काढून लिहितोय, कारण कळेलच. माझ्या मामांना चार वर्षांपूर्वी चौकशीला बोलावलं होतं. गावातल्या एका खुनाच्या प्रकरणात. त्यांच्या गाडीचा नंबर मिळताजुळता होता, एवढंच. ठाण्याच्या पायरीवर कुणीतरी मोबाईलवर शूट केलं. संध्याकाळपर्यंत एका लोकल यूट्यूब चॅनलवर लाल गोल करून, बाण काढून: 'हाच तो का?' प्रश्नचिन्ह होतं, म्हणजे ते कायद्यानं मोकळे. दोन दिवसांत मामा घरी आले, आरोपपत्रात नाव नाही, साक्षीदार म्हणूनसुद्धा नाही. व्हिडिओ तिथंच आहे. एक लाख चाळीस हजार लोकांनी बघितलाय.

मामेबहिणीचं लग्न ठरत होतं. मुलाकडच्यांनी काही विचारलं नाही. फक्त नंतर फोन केला नाही.

मामी अजून रात्री ते कार्यक्रम बघते. मी एकदा चिडलो, तर म्हणाली, "त्यातल्या लोकांना पण मामा असतील रे." तरी बघते.

कोर्टातला_कावळा

तुमच्या मामांच्या बाबतीत करण्यासारखं आहे. मला व्यक्तिगत निरोप टाका. कर्नाटक उच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्ये एका मुलीचं नाव निकालाच्या इंटरनेटवरच्या शोधात दिसू नये असा आदेश दिला होता. तेव्हा 'विसरलं जाण्याचा हक्क' हे आपल्याकडं नवीनच होतं. तुमचं प्रकरण वेगळं आहे, बदनामीची नोटीस आधी जाईल. फुकट करतो, कुंदा आणा.

टिळकवाडी_लाईव्ह

कोर्टच थेट दाखवलं की हे चॅनलवाले आपोआप बंद पडतील असं माझं मत होतं. कर्नाटक हायकोर्टाचे थेट प्रक्षेपणाचे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. फेब्रुवारीत हिजाबची सुनावणी आम्ही ऑफिसात मॅच लावल्यासारखी लावली होती. खरं सांगू? युक्तिवाद ऐकून डोकं शांत झालं. दोन्ही बाजू सभ्यपणे बोलत होत्या. पण त्याच प्रक्षेपणाचे तुकडे कापून लोकांनी रील काढल्या, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये एका न्यायमूर्तींच्या शेऱ्यांच्या क्लिपांवरून थेट सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावं लागलं. आता सहा तासांच्या सुनावणीतले कुठले चाळीस सेकंद आपल्यापर्यंत पोचणार, ते संपादन करणारा ठरवतो.

सीमाभागातला_गडी

सगळे खटले बघून झाले, खरं आमच्या खटल्याची मालिका कुणी काढंना. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात. मूळ दावा क्रमांक ४. पात्रं भरपूर, दोन राज्यं, ८६५ गावं. एकच अडचण, पहिला भाग सुरूच होत नाही. नोव्हेंबर २०२२ ला वाटलं होतं आता लागतंय, मी मोबाईल चार्ज करून बसलेलो.

संपादक मंडळ

सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तिथं ८०० प्रतिसाद झालेत. इथं नको. (हसलो मात्र.)

निपाणीकर

नाव_नको यांच्या मामींचं वाक्य दिवसभर डोक्यात आहे. काल बायकोनं नवीन मालिका लावली. मी अर्ध्यातून उठलो नाही. फक्त पहिल्यांदाच मेलेल्या माणसाचं नाव वहीत लिहून ठेवलं. का ते माहीत नाही.

कोर्टातला_कावळा

एक जाता जाता. खरा खटला बघायला वर्गणी लागत नाही. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, जुन्या कायद्यात कलम ३२७, आता नव्या संहितेत ३६६. बलात्कारासारख्या काही केसेस बंद दाराआड चालतात, बाकी कुणीही येऊन मागच्या बाकावर बसावं. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत तीन-चार पेन्शनर रोज यायचे, डबा घेऊन. त्यातले एक गृहस्थ तर मला सांगायचे, "वकील, आज तुमची उलटतपासणी ढिली झाली." आता मागचे बाक रिकामे असतात. गुरुवारी अकरा वाजता माझ्या एका केसमध्ये डॉक्टरांची साक्ष आहे. यायचं तर या.

मलप्रभाकाठी

आईला वाचून दाखवलं. विचारतेय, तिथं मध्येच थांबवून चहाला उठता येतं का?

कोर्टातला_कावळा

तिला सांगा, दर वीस मिनिटांनी कुणी ना कुणी थांबवतंच. चहा गेटाबाहेर डाव्या हाताला. मोबाईल बंद ठेवायचा, आणि साक्षीदार "खरं" म्हणाला की मोठ्यानं हसायचं नाही.

मलप्रभाकाठी

येतोय. डबा घेऊन.